एक दिवस ते आलेच नाहीत: स्थलांतरित कामगारांवरचं प्रहसन कसं लिहावं आणि कसं उभं करावं

या विषयावरची बरीचशी नाटकं पहिली दहा मिनिटं हसवतात आणि मग भाषणाला लागतात. लेखकाचं मत पक्कं असतं, पण काम त्याने पाहिलेलं नसतं, म्हणून असं होतं. बाहेरून आलेल्या माणसांवर आपला दिवस उभा आहे, हे वाक्य प्रेक्षकाला पटतं आणि तो ते लगेच विसरतो. तेच एका चिमट्याच्या उघड्या-मिटल्या बिजागरीतून दाखवलं, तर तो हसतो आणि ते त्याच्या लक्षात राहतं. खालची पद्धत एका एकांकिकेसाठी आहे: 45 मिनिटं, सात-आठ नट, सामान हलवून बदलता येणारा एकच सेट. लघुपट करायचा असेल तरी पहिली दोन प्रकरणं तशीच लागू पडतात.

सगळ्या कामात एक गोष्ट धरून ठेवा. हसू अवलंबून असणाऱ्यावर यायला हवं, ज्याच्यावर तो अवलंबून आहे त्याच्यावर नाही. उरलेले सगळे निर्णय यातूनच निघतात.

ते का आले नाहीत?

एका सकाळी सगळे स्थलांतरित कामगार नाहीसे होतात, ही कल्पना नवी नाही. कामकरी समाज एका दिवसात गायब होण्याचा खेळ रंगभूमीवर निदान 1965 पासून आहे आणि पडद्यावर 2004 पासून. तेव्हा नुसत्या कल्पनेच्या नवेपणावर नाटक चालणार नाही. कारण निवडताना मात्र जपून निवडा, कारण नाटकाचा स्वभाव त्यावरच ठरतो.

तीन वाटा आहेत. पहिली, गूढ रीतीने नाहीसं होणं. लिहायला सोपी आहे, पण यात कामगार पावसापाण्यासारखे होऊन जातात: आले, गेले, त्यांची इच्छा कुठेच नाही. शिवाय पात्रं उरलेला वेळ कारण शोधण्यात घालवतात आणि काम बाजूला राहतं. दुसरी, संप. यात कामगारांना इच्छा असते, नेतृत्व असतं. 24 ऑक्टोबर 1975 ला आइसलँडमधल्या सुमारे 90 टक्के स्त्रियांनी घरचं आणि बाहेरचं काम एक दिवस थांबवलं. त्या दिवशी बापांनी मुलांना ऑफिसात नेलं आणि रेडिओवर बातम्या चालू असताना मागून मुलांचे आवाज ऐकू येत होते. ते स्थलांतरितांचं आंदोलन नव्हतं, पण प्रहसनाच्या लेखकाने हा तपशील अभ्यासावा असा आहे. एकही वाक्य न बोलता सगळं कळतं. 1 मे 2006 ला अमेरिकेत स्थलांतरितांनी काम आणि खरेदी दोन्ही बंद ठेवली, तेव्हा मांसप्रक्रियेचे कित्येक कारखाने त्या दिवसापुरते बंद राहिले.

तिसरी वाट म्हणजे हुकूम. लोकांनी मागणी केली, सरकारने कायदा केला आणि तो खरोखरच पाळला गेला. आमच्या मते प्रहसनाला हीच वाट सगळ्यात चांगली, कारण संकट पात्रांनी स्वतः मागून घेतलेलं असतं. मागितलेलं मिळालं आणि आता ते परत कसं करायचं, एवढ्यावर 45 मिनिटं चालतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 2011 मध्ये कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांविरुद्ध कडक कायदा झाला. मजूर दुसऱ्या राज्यांत निघून गेले आणि शेतं अडली. मग प्रोबेशनवर, म्हणजे शिक्षा होऊनही तुरुंगाबाहेर देखरेखीखाली असलेल्या लोकांना तोडणीला पाठवायचं ठरलं. त्यातले बरेच जण काही तासांत काम सोडून गेले. हा प्रसंग जसाच्या तसा उचलू नका. त्यातला क्रम मात्र उचला: आधी घोषणा, मग उणीव, मग उणीव भरायला काढलेली अक्कल, मग त्या अकलेची दुपारपर्यंतची अवस्था.

कारण कुठलंही घ्या, ते पहिल्या तीन मिनिटांत आणि दोन वाक्यांत सांगून मोकळं व्हा.

साखळी काढा

कागद-पेन घेऊन बसायचं ते इथे. एक वस्तू किंवा एक जागा निवडा: हॉस्पिटल, वृद्धाश्रम, बंदरातलं गोदाम, बांधकाम. सगळं शहर घेऊ नका. सगळ्या शहरात तीस गोष्टी बिघडतात आणि एकही नीट दिसत नाही. निवडलेल्या जागेचे 24 तास मांडा आणि चार रकाने आखा: काम काय, किती वाजता, कोण करतं, आणि केलं नाही तर किती वेळाने कळतं.

नाटकाचं इंजिन या चौथ्या रकान्यात आहे. काही कामं न झाल्याचं पाच मिनिटांत कळतं, काहींचं तिसऱ्या दिवशी. रकाना भरून झाला की कामं त्या वेळेनुसार लावा. तोच प्रसंगांचा क्रम. लवकर कळणारं आधी, उशिरा कळणारं शेवटी. उशिरा कळणारी कामं सहसा माणसाच्या अंगाशी निगडित असतात. त्यामुळे हशा आपोआप गंभीर होत जातो, त्यासाठी सूर बदलून भाषण लिहावं लागत नाही.

हॉस्पिटलचं उदाहरण घेऊ. शस्त्रक्रिया रद्द होते. सर्जन आहे, भूलतज्ज्ञ आहे, पेशंट उपाशीपोटी तयार आहे. फक्त हत्यारांचा ट्रे नाही, कारण तळघरात निर्जंतुकीकरण विभागात काम करणारे चौघे हुकमानुसार देश सोडून गेले. बहुतेक लेखक इथे थांबतात आणि सर्जनला ओरडायला लावतात. थांबू नका. सर्जनला तळघरात पाठवा.

तिथे काय करावं लागतं? वापरलेली हत्यारं आधी पाण्याखाली धरायची, मग एन्झाइमच्या द्रावणात भिजवून घासायची, प्रत्येक बिजागरी उघडून. भिंगाखाली तपासायची. यादीप्रमाणे मोजून ट्रेमध्ये लावायची, गुंडाळायची, वर रंग बदलणारी पट्टी लावायची. मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं मशीन: 134 अंश सेल्सिअसला निदान तीन मिनिटं वाफ, किंवा 121 अंशाला पंधरा मिनिटं. वाळण्याचा वेळ धरला तर एक फेरी तासाभराच्या आसपास जाते.

आता बिघडतं कुठे? चिमटे मिटवून, कडी लावून ठेवले तर जबड्यांच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत वाफ पोचत नाही. मशीनमध्ये ट्रे दाटीने कोंबले तर वाफ फिरत नाही आणि पाकिटं ओली निघतात. ओलं निघालेलं पाकीट निर्जंतुक धरत नाहीत, सगळं पुन्हा पहिल्यापासून. पट्टीचा रंग बदलला म्हणजे काम झालं असंही नाही. पाकीट उष्णतेतून गेलं, एवढंच ती सांगते.

बघा, यात तीन अपयशं तयार मिळाली. पहिल्या फेरीत सर्जन चिमटे मिटलेले ठेवतो. दुसऱ्या फेरीत घाईने सगळे ट्रे कोंबतो. तिसऱ्या फेरीत रंगलेली पट्टी बघून विजयाची आरोळी ठोकतो, आणि भिंतीवरची सूचना वाचणारी परिचारिका त्याला हळूच खाली बसवते. प्रत्येक फेरीनंतर घड्याळ एक तास पुढे. वर पेशंट उपाशीच. हा माणूस मूर्ख नाही, तो उत्तम सर्जन आहे. प्रसंग उभा राहतो तो यामुळेच. त्याला मूर्ख दाखवलंत तर प्रेक्षक म्हणेल की दुसऱ्या कुणाला जमलं असतं.

असे तपशील मिळवायला त्या जागी जाऊन किमान एक पूर्ण पाळी पाहा, शक्यतो रात्रीची. कामगाराला "तुमच्या अडचणी काय?" असं विचारू नका, त्याचं ठरलेलं उत्तर मिळतं. "नवा माणूस पहिल्या दिवशी हमखास काय चुकतो?" असं विचारा. या एका प्रश्नातून निम्मं नाटक निघतं.

"अकुशल" या शब्दाची चेष्टा करा, कामाची नाही

स्थलांतरितांची बरीच कामं सरकारी कागदांवर अकुशल म्हणून नोंदली जातात. हा शब्द एखाद्या अधिकाऱ्याच्या तोंडी द्या, आणि मग त्याच अधिकाऱ्याच्या हातात ते काम द्या.

पांढऱ्या ॲस्परॅगसची, म्हणजे कोवळे कोंब खातात त्या भाजीची काढणी याला फार चांगली आहे. कोंब मातीच्या उंच वरंब्याखाली वाढतो. उजेडात आला की त्याचा रंग बदलतो आणि भाव उतरतो. म्हणून वरंब्याला नुसती बारीक चीर गेलेली दिसली की तिथे दोन बोटांनी माती बाजूला करायची, लांब पात्याची सुरी मातीत घालायची आणि वीतभर खाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, अंदाजाने कोंब कापायचा. शेजारी दुसरे कोंब वर येत असतात. सुरी जरा तिरकी गेली की तेही गेले. नंतर वरंबा पुन्हा थापून सारखा करायचा. हे सगळं कमरेत वाकून, दिवसभर. 2020 च्या वसंतात साथीमुळे सीमा बंद झाल्या, तेव्हा जर्मनीने याच हंगामासाठी एप्रिलमध्ये 40,000 आणि मेमध्ये 40,000 हंगामी मजुरांना खास परवानगी दिली, आणि मुख्यतः पूर्व युरोपातून माणसं विमानाने आणली. घरात बसा असं सगळ्यांना सांगितलं जात असताना.

रंगमंचावर हे करायला माती लागत नाही. एका लांबट खोक्यात फोमचा थर, त्यात खोचलेल्या पांढऱ्या मेणबत्त्या, वर तपकिरी कापड. नटाला लाकडी सुरी द्या. मेणबत्ती मोडल्याचा "कट्" असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. साथीला दुसऱ्या कुठल्याही आवाजाची गरज नाही. अधिकारी जाहीरनामा वाचत वाचत कापतो आहे आणि दर दोन वाक्यांनी कट्, कट्. चार मेणबत्त्या पुरेत. पाचवीला हशा उतरतो.

विरोधी पात्राला खरं बोलू द्या

"यंत्रं करतील की हे सगळं" असं म्हणणारं पात्र नाटकात असतंच. त्याला खुळा करू नका, कारण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेने 1942 पासून मेक्सिकोतून करारावर शेतमजूर आणण्याची ब्रासेरो योजना चालवली आणि 1964 च्या अखेरीस ती बंद केली. त्यानंतर प्रक्रियेसाठीच्या टोमॅटोची तोडणी खरोखरच यंत्रांवर गेली. पण जी पिकं यंत्राने नीट निघत नव्हती, त्यातल्या काहींची लागवडच कमी झाली. आणि स्थानिक मजुरांची मजुरी वाढेल म्हणून योजना बंद केली होती, ती वाढ नंतरच्या अर्थशास्त्रीय अभ्यासात आढळली नाही.

म्हणजे दोन्ही बाजूंना खरं बोलायला जागा आहे. यंत्रवाल्या पात्राला एक वाद जिंकू द्या. ज्याचा एक मुद्दा बरोबर निघतो त्याचा दुसरा चुकला की हसू मोठं येतं. सगळेच मुद्दे चुकणाऱ्याकडे प्रेक्षक लक्ष देत नाही.

कारणांच्या बाबतीतही प्रामाणिक राहा. 2021 च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ट्रकचालकांची टंचाई होती. त्यामागे युरोपीय चालक परत जाणं होतं, तसंच साथीत रखडलेल्या चालक-परीक्षा होत्या, कामाच्या वाईट अटी होत्या आणि घाबरून टाक्या भरणारे ग्राहकही होते. सरकारने 5,000 चालकांसाठी तात्पुरते व्हिसा जाहीर केले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला लष्कराचे चालक टँकरवर बसवले. तुमच्या नाटकात सगळा दोष एकाच कारणाला दिलात, तर प्रेक्षकांतला एक जाणकार माणूस मनातल्या मनात नाटकातून उठून जातो.

एक आकडा जवळ ठेवा, संवादात घालायला नव्हे, स्वतःच्या समजुतीसाठी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2022 मध्ये जगात सुमारे 16.8 कोटी स्थलांतरित श्रमबाजारात होते, म्हणजे जगातल्या एकूण श्रमशक्तीच्या 4.7 टक्के. हा आकडा ऐकून कुणीही म्हणेल, एवढेच? पण ही माणसं सगळीकडे सारखी पसरलेली नसतात. आजाऱ्यांची-वृद्धांची देखभाल, घरकाम, बांधकाम, तोडणी अशा ठिकाणी ती दाट असतात. शंभरातली पाचच माणसं जातात, पण ती नेमकी दार उघडणारी असतात. यंत्रवाल्या पात्राला तो "एवढेच?" म्हणू द्या. उत्तर पुढचा प्रसंग देईल.

पात्रं

यावर फार वेळ घालवू नका. पाच माणसं पुरेशी: हुकूम काढणारा, हुकूम मागणारा, मधला ठेकेदार, त्याच प्रकारचं काम करणारा स्थानिक मजूर, आणि एक जण जो राहून गेला.

ठेकेदाराकडे नीट बघा. कोण कुठे राहतं, कुणाची पाळी किती वाजता, कुणाचे पासपोर्ट कुठल्या कपाटात, हे त्याला तोंडपाठ असतं, आणि नावं मात्र एकाचंही नीट येत नाही. त्याच्या हातातल्या वहीत नावांऐवजी खुणा दाखवा: उंच, दाढीवाला, खोकणारा. वही सापडली तरी माणसं परत बोलावता येत नाहीत, कारण खोकणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

स्थानिक मजुराला खलनायक करू नका. आपला भाव पडतो ही त्याची भीती खोटी नाही, आणि ती भीती वापरून घेणारा वरचा माणूस वेगळा आहे. या पात्राला एकही टाळीचं वाक्य दिलं नाही, तर नाटक वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला केलेला उपदेश होऊन बसतं.

राहून गेलेल्या पात्राबद्दल एक इशारा. या विषयातला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे उपयुक्तता. "बघा, हे किती उपयोगी आहेत" एवढंच म्हणून नाटक संपलं, तर उपयोग सरल्यावर त्यांना घालवायला हरकत नाही असा अर्थ निघतो. गरज सरो, वैद्य मरो. म्हणून त्या पात्राला कामाशी अजिबात संबंध नसलेली एक हौस द्या. ती कुणाच्या उपयोगाची नको. त्याला बुद्धिबळाचा एक डाव पुरा करायचा आहे, एवढंसुद्धा चालेल. सगळं शहर त्याच्या पाया पडत असताना तो म्हणतो, "थांबा जरा, माझी चाल आहे." तो लहरी आहे, थोडा आळशी आहे, कधीकधी खोटंही बोलतो. देवमाणूस केलात की तो पुन्हा अदृश्य होतो.

सेट बदलणारी माणसं

आता रंगमंचावरची मुख्य युक्ती. सविस्तर सांगतो, कारण ती अर्धवट केली तर कळतच नाही.

नाटकात सेट हलवणारे, टेबल आणणारे, कप ठेवणारे रंगमंच-कामगार असतातच. त्यांनाच स्थलांतरित कामगार करा. साधे कामाचे कपडे, काळे नकोत. पहिल्या बारा मिनिटांत किमान पाच बदल ठेवा. प्रत्येक बदल उजेडात, नटांच्या डोळ्यांसमोर, दहा ते पंधरा सेकंदांत, सफाईने. नट त्यांच्याकडे बघत नाहीत. नट मागे न बघता बसतो आणि बरोबर त्या क्षणी खाली खुर्ची येते. हात पुढे करतो, हातात कप येतो. हे इतकं तालात बसवा की तिसऱ्या वेळेपर्यंत प्रेक्षकही कामगारांकडे बघायचं सोडून देतील. हे झालं नाही तर पुढचं काहीच चालणार नाही. म्हणून या बारा मिनिटांची तालीम उरलेल्या तेहतीस मिनिटांपेक्षा जास्त करा.

मग हुकूम येतो. पुढच्या वाक्याला नट सवयीने मागे न बघता बसायला जातो.

खुर्ची नाही.

पडू देऊ नका. पडणं स्वस्त आहे आणि दहाव्या प्रयोगाला नटाचं माकडहाड जातं. तो अर्ध्यावर अडकतो, गुडघे वाकलेले, आणि वाक्य पुरं करतो. निदान आठ सेकंद. हशा येईल, उतरेल, आणि तो अजून तसाच असेल. मग हळूहळू बाकीच्या पात्रांच्या लक्षात येतं की मागच्या प्रसंगाचं सामान अजून इथेच आहे. पुढचा प्रसंग हॉस्पिटलचा आणि रंगमंचावर दिवाणखाना. सोफ्यावर पेशंट, टीपॉयवर सलाइन. इथून शेवटपर्यंत सेट बदलत नाही. नट स्वतः सोफा उचलायला जातात आणि दोघेही एकाच दिशेने मागे चालू लागतात.

काही व्यवहारी गोष्टी. सोफा खरा जड नको, पण जड वाटायला हवा. तळाला वाळूच्या दोन पिशव्या एकाच टोकाला बांधा, म्हणजे तो खरोखर वाकडा उचलला जातो आणि अभिनय करावा लागत नाही. अंधार करून बदल एकही ठेवू नका, नाहीतर युक्ती बुडते. जाताना वाटेत काय राहिलं याची यादी रंगमंच-व्यवस्थापकाकडे हवी, कारण उत्तरार्धात प्रत्येक चुकीची वस्तू ठरलेल्या जागीच असावी लागते. चुकीचा सेट बरोबर सेटपेक्षा जास्त काटेकोर लावावा लागतो. आणि ध्वनी-प्रकाशाचे तंत्रज्ञ कथेत "निघून गेले" तरी खऱ्या बूथमध्ये माणूस बसलेला हवा आणि बाहेर पडायच्या दारांवरचे दिवे कुठल्याही कारणाने बंद करायचे नाहीत.

हशांचा हिशेब

पहिला खर्डा झाला की तो मोठ्याने वाचा आणि हसू अपेक्षित असेल तिथे समासात एकच शब्द लिहा: कुणावर. मंत्री, ठेकेदार, मालकीण, कामगार. शेवटी मोजा. कामगारांवरचे हशे कामगार स्वतः घडवत नसतील तर काढून टाका. उच्चार, लकबी, कपडे यांवरचा विनोद पहिल्या वाचनात हमखास हशा घेतो, म्हणूनच तो सगळ्यात चिवट असतो. उच्चाराचा विनोद हवाच असेल तर उलटवा: मालकीण एका कामगाराच्या नावाचे चार वेगवेगळे उच्चार करते, आणि सात वर्षं तो चारही नावांना "ओ" देत आला आहे.

एकाच पात्रावर सलग तीनपेक्षा जास्त हशे असतील तर प्रेक्षकाला त्या पात्राची कीव येऊ लागते आणि डाव उलटतो. मधे दुसऱ्यावर जा.

हसू थांबतं तो प्रसंग

चौथ्या रकान्यातलं सगळ्यात उशिरा कळणारं काम शेवटी येतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवणं हे तसं काम आहे. एकाच कुशीवर फार वेळ राहिलं की हाडाच्या उंचवट्यावरची कातडी लाल होते आणि मग जखम होते. साधारणपणे दर दोन तासांनी वळवायची पद्धत आहे. हुकूम काढणाऱ्या मंत्र्याची आई घरात आहे आणि तिला सांभाळणारी बाई कालच गेली.

आई: दोन वाजले का रे?
मंत्री: वाजून गेले. का गं?
आई: वळवायचं असतं मला.
मंत्री: किती वेळाने?
आई: दर दोन तासांनी.
मंत्री: रात्रीसुद्धा?
आई: पाठीला काय कळतंय, रात्र आहे का दिवस.
मंत्री: मग रात्री कोण...

हा प्रश्न त्याला पुरा करू देऊ नका. तो उठतो आणि वळवायला जातो. नटाला कृती नीट शिकवा, एखाद्या अनुभवी परिचारिकेकडून. ज्या कुशीवर वळवायचं त्या बाजूला उभं राहायचं. पलीकडचा गुडघा आधी दुमडायचा. एक हात पलीकडच्या खांद्यावर, दुसरा कंबरेच्या हाडाशी, आणि आपल्याकडे ओढून घ्यायचं. मग पाठीमागे उशी. मंत्री आधी दंडाला धरून ओढतो. तसं केलं तर खांद्याला इजा होते, म्हणून आईचं काम करणाऱ्या नटीने हात सैल सोडायचा नाही आणि मंत्र्याने खरी ताकद लावायची नाही. आई त्याला एकेक पायरी सांगते. रोज ऐकून तिला ती पाठ झालेली आहे, आणि सांगताना ती गेलेल्या बाईचेच शब्द वापरते, तिच्याच भाषेतले दोन शब्दही. मंत्र्याला ते शब्द कळत नाहीत. आईला कळतात.

इथे संगीत नको. उशी लावून झाल्यावर त्याला घड्याळाकडे बघू द्या. पुढचे दोन तास.

खऱ्या माणसांबरोबर काम करताना

ज्यांच्याकडून तपशील घेतलात त्यांना वेळेचे पैसे द्या. त्यांची एका पाळीची मजुरी ही किमान समजा. नाव, फोटो, कारखान्याचं नाव, व्हिसाची स्थिती यातलं काहीही टिपून ठेवू नका. कागदपत्रं आहेत का, हे विचारूच नका. ते नाटकाला लागत नाही, आणि तुमच्या वहीत लिहिलेलं त्यांना महागात पडू शकतं. एकाच माणसाची कहाणी ओळखू येईल अशी वापरू नका. दोघा-तिघांचे तपशील एकत्र करा आणि जागा बदला.

तिसऱ्या खर्ड्याचं वाचन त्यांच्यासमोर करा. ते कुठे हसतात यापेक्षा कुठे आपापसात काहीतरी पुटपुटतात ते बघा. तिथे तुमचा तपशील चुकलेला असतो. शक्य असेल तर रंगमंच-कामगारांच्या भूमिका स्थलांतरित नटांनाच द्या आणि श्रेयनामावलीत त्यांना नटांच्या यादीत घाला, तंत्रज्ञांच्या नाही. प्रयोगाची वेळ पाळ्या बघून ठरवा. रात्रीच्या पाळीच्या माणसाला संध्याकाळी सातचा प्रयोग बघता येत नाही, त्याला दुपारचा लागतो.

पहिल्या दोन प्रयोगांत काय बिघडेल

बहुधा उत्तरार्ध लांबेल. आता बदलाला कुणी नाही म्हणून नट सामान हलवण्यात रमतात आणि 45 ची 55 मिनिटं होतात. सोफ्याच्या प्रसंगाला घड्याळ लावून 90 सेकंदांची मर्यादा घाला. दुसरं म्हणजे, खुर्ची नसण्याच्या क्षणी काही प्रेक्षकांना खरंच चूक झाली असं वाटतं आणि ते अवघडतात. तसं झालं तर नटाचा अर्धवट थांबा आणखी तीन सेकंद वाढवा. कमी करू नका. अवघडलेपण हशात बदलायला वेळ लागतो.

शेवटच्या नमस्काराला आधी फक्त उरलेली पात्रं येऊ द्या, अजून अस्ताव्यस्तच असलेल्या सेटवर. मग विंगेतून कामगार येतात. त्यांनी काहीही आवरायचं नाही, नुसतं येऊन मधे उभं राहायचं. पडद्यानंतरची आवराआवर सगळ्या चमूने मिळून करायची आहे. मंत्र्याचं काम करणाऱ्याच्या वाट्याला वाळूच्या पिशव्या लिहून ठेवा आणि ती यादी पहिल्या तालमीच्या दिवशीच भिंतीवर लावा.